उड्डाणाआधीचं एक पान
आमच्या ग्राहक वैमानिकांसाठी आणि विमानमालकांसाठी माहितीपत्रक

सकाळी साडेपाचची वेळ. जुहूला हेलिकॉप्टर धुऊन उभं आहे, सात वाजता निघून सावंतवाडीला पोचायचं आहे, पाहुण्यांची गाडी वाटेत आहे. वैमानिकाच्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलमध्ये हवामान खात्याचं पान, नोटॅमची (म्हणजे विमानतळ आणि हवाई मार्गांबद्दल वैमानिकांना दिलेल्या सूचनांची) यादी, उपग्रहाचं चित्र, रडारचं चित्र, वाऱ्याचं एखादं रंगीत ॲप, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेला खिडकीतून काढलेला ढगांचा फोटो. यातली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते. पण प्रत्येक वेगवेगळ्या वेळेची आहे, वेगळ्या एककात आहे, आणि कुणाचंच दुसऱ्याशी बोलणं झालेलं नाही.

ते बोलणं घडवून एक पान तयार करणं हे आमचं काम. कुडाळला बसून आम्ही तिघं मिळून ते करतो. पान कसं बनतं, त्यात काय असतं आणि काय नसतं, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

जोडणं सोपं, निवडणं अवघड

पहिल्या पावसाळ्यात आम्ही सगळं एकत्र बांधून द्यायचो. चौदा पानं. आम्हाला त्याचा अभिमानही होता. मग एका ग्राहकाने हसत सांगितलं की त्याने फक्त नकाशा वर ठेवून बाकीचं घडी करून गुडघ्यावरच्या पॅडखाली सरकवलं होतं. त्याच्या हेलिपॅडजवळ नव्याने उभ्या राहिलेल्या मोबाइल टॉवरची ओळ अकराव्या पानावर होती. हवा स्वच्छ होती, टॉवर त्याला लांबूनच दिसला. दिसला नसता तर ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणायला आमच्याकडे कागद होता, एवढंच.

हा प्रकार आमच्यासारख्या छोट्यांपुरता नाही. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं एअरबस ए-३२० धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याच्या रस्त्यावर, उतरायला निघालं. त्या टॅक्सीवेवर चार विमानं रांगेत उभी होती. विमान सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आलं आणि तिथून वर उचललं गेलं. डावीकडची धावपट्टी बंद असून तिचे दिवे विझवलेले आहेत, हा नोटॅम वैमानिकांच्या कागदांत होता: २७ पानांपैकी आठव्या पानावर. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने पुढे नोटॅम मांडण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं.

तेव्हापासून आमचा नियम असा: तुमचा मार्ग, तुमची वेळ आणि तुमचं यान या तिन्हींना लागू पडणारं तेवढंच पहिल्या पानावर. हेलिकॉप्टरने जाणाऱ्याला टॅक्सीवेची रुंदी कशाला? पण तो नोटॅम आम्ही फेकत नाही. तांदूळ पाखडताना कणी बाजूला काढून ठेवतात तसा तो मागच्या पानावर एका ओळीत राहतो. आमची निवड चुकली असेल तर तुम्हाला ती पकडता यायला हवी.

वेळ: सगळ्यात जास्त चुका इथेच

मेटार (विमानतळावरच्या आत्ताच्या हवेची नोंद), टॅफ (तिथल्या पुढच्या काही तासांचा अंदाज), नोटॅम सगळे झुलू, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेत असतात. आपण साडेपाच तास पुढे. नोटॅममध्ये ०३३० ते ०७३० असं लिहिलं असेल तर ते सकाळी ९ ते दुपारी १. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत चुकतं. रात्रीच्या वेळी तर तारीखच बदलते: ११ तारखेचे २००० झुलू म्हणजे आपल्याकडे १२ तारखेची पहाटेची दीड. म्हणून पानावर प्रत्येक वेळ दोनदा छापलेली असते, आधी आपली, मग झुलू.

नोटॅमच्या शेवटच्या वेळेपुढे ‘ईएसटी’ ही तीन अक्षरं असतील तर ती वेळ अंदाजाची असते. ती उलटून गेली म्हणून नोटॅम संपत नाही. तो रद्द करणारा किंवा बदलणारा नवा नोटॅम यावा लागतो. असे नोटॅम आम्ही ठळक चौकटीत टाकतो. ‘कालच संपला ना तो?’ हा प्रश्न आम्ही फार वेळा ऐकलाय.

माहिती कधीची आहे हेही प्रत्येक ओळीशेजारी लिहिलेलं असतं. बांगडा घेताना आपण कल्ला उचलून बघतोच, मग हवामान घेताना का नाही?

पानावर काय असतं

वरच्या भागात निघायचं ठिकाण, उतरायचं ठिकाण आणि पर्यायी विमानतळ यांचे ताजे मेटार, खाली टॅफ. दोन्ही साध्या मराठीत उलगडून, पण मूळ मजकूरही शेजारी, कारण उलगडताना आमचीही चूक होऊ शकते. टॅफमधला ‘टेम्पो’ आंब्याच्या पेट्या वाशीला नेणारा नव्हे, हा आमच्या कार्यालयातला जुना विनोद. टॅफमध्ये टेम्पो म्हणजे दर खेपेला तासाभरापेक्षा कमी टिकणारा आणि एकूण मुदतीच्या निम्म्याहून कमी वेळ असणारा बदल. पावसाळ्यात कोकणात असे बदल नित्याचे. दृश्यता सहा हजार मीटर, आणि टेम्पोमध्ये दीड हजार. पाहुण्यांना सहा हजार ऐकायला आवडतं, पण वैमानिकाने इंधन दीड हजार धरून भरावं असं आम्हाला वाटतं.

त्याखाली सिगमेट, म्हणजे धोकादायक हवामानाचा इशारा, असेल तर ते, आणि मग लागू असलेले नोटॅम. आपल्या किनाऱ्यावर नेहमी पाहावे लागणारे म्हणजे समुद्रावरचे गोळीबाराच्या सरावाचे पट्टे, विमानतळाच्या कामाचे तास, बंद पडलेले दिवे आणि दिशादर्शक यंत्रं, आणि क्रेन. गोव्याचा दाबोळी विमानतळ हा मुळात नौदलाचा तळ आहे. नौदलाच्या सरावाच्या तासांत नागरी विमानांना तिथे जागा नसते. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे. नकाशावर धावपट्टी दिसते म्हणून तिथे उतरता येईल असं धरून चालू नये.

घाट आणि ढगांची उंची

हा भाग सावकाश वाचावा. मेटारमध्ये ढगांची जी उंची असते ती त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. समजा, चिपीचा, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळाचा, मेटार १५०० फुटांवर ढग सांगतोय. किनाऱ्यावरून बघता हे चालण्यासारखं वाटतं. पण तुम्हाला पुढे कोल्हापूरला जायचंय. वाटेतल्या घाटावरची आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर, म्हणजे २२६० फुटांच्या आसपास. चिपीच्या सड्याची (कातळी पठाराची) उंची मिळवली तरी तो ढगांचा तळ आंबोलीच्या बराच खाली येतो. म्हणजे घाट ढगात आहे, आणि हे कुठल्याही एका मेटारमध्ये लिहिलेलं नाही. दोन माहित्या शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसतच नाही. आमच्या पानावर मार्गाची उभी आकृती असते, त्यात डोंगर आणि ढगांचा तळ एकाच मापात, समुद्रसपाटीपासून काढलेले. आमच्या मते सगळ्या पानात हीच आकृती सर्वांत कामाची.

ऋतू बदलला की घाटाचं वागणं बदलतं. एप्रिल-मे महिन्यांत सकाळ निवांत असते आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर वळवाचे ढग उभे राहतात, त्यामुळे परतीची वेळ चारची असेल तर आम्ही ती दोनदा विचारतो. भाजावळीच्या दिवसांत खाली धुरकट, वर निरभ्र. थंडीत पहाटे खाडीच्या खोऱ्यांत धुकं बसतं आणि सड्यावर ऊन असतं. मतलई वारा थांबून खारा वारा सुरू होण्याच्या वेळी धावपट्टीवरचा वारा उलटतो. मच्छीमारांना हे आपल्याआधी कळतं.

रडार स्वच्छ म्हणजे आभाळ स्वच्छ असं नाही

रडारचं चित्र मोहक असतं आणि म्हणूनच फसवं. पृथ्वी गोल आहे, रडारचा किरण जवळपास सरळ जातो, त्यामुळे अंतर वाढेल तसा तो जमिनीपासून वर वर जातो. रत्नागिरी मुंबई आणि पणजी या दोन्हींपासून दीडशे किलोमीटरपेक्षा लांब. तिथे पोचेपर्यंत या दोन्ही ठिकाणच्या रडारचा सर्वांत खालचा किरणही तीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो. पावसाळ्यातले बरेच ढग बुटके असतात, किरणाच्या खालीच बरसतात. चित्रात मोकळं दिसतं आणि खाली छत्री उलटी होते. म्हणून अशा भागासाठी आम्ही रडारशेजारी उपग्रहाचं चित्र, जवळच्या वेधशाळेची नोंद आणि एक फोन ठेवतो.

फोन म्हणजे खरंच फोन. हेलिपॅड शाळेच्या पटांगणावर असेल तर तिथल्या माणसाला विचारतो: समोरच्या डोंगराचा माथा दिसतो का? खाडीपलीकडची पाण्याची टाकी दिसते का? अंतरं आम्ही नकाशावर आधीच मोजून ठेवलेली असतात. ‘डोंगराचो माथो दिसना नाय’ एवढं उत्तर पुरतं. पानावर ते ‘प्रत्यक्ष पाहिलेलं, अनधिकृत’ अशा शिक्क्याने आणि वेळेसकट येतं. अधिकृत नोंदीच्या ओळीत आम्ही ते कधीच मिसळत नाही.

स्रोत भांडत असतील तर

टॅफ पाऊस सांगतो, ॲप कोरडं दाखवतं, मेटार मधलंच काहीतरी. अशा वेळी आम्ही सरासरी काढत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी छापतो आणि वर लाल अक्षरांत लिहितो: इथे मतभेद आहे. तोच मतभेद तुम्हाला कळायला हवा असतो. तो गुळगुळीत करून दिला तर पान छान दिसेल आणि निरुपयोगी होईल.

पर्यायी विमानतळाबद्दल आमचं एक ठाम मत आहे, पटलं नाही तरी ऐकून घ्या. चिपी, मोपा (गोव्याचा नवा विमानतळ) आणि दाबोळी ही तिन्ही सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आत येतात. मोपा सुरू झाल्यापासून पर्याय वाढला असं वाटतं, पण जुलैत पावसाचा एक पट्टा आला की तिघांनाही एकत्र झाकतो. कागदावर तीन, आभाळात एकच. म्हणून पावसाळ्यात एक पर्याय घाटापलीकडचा, बेळगाव किंवा कोल्हापूर, आम्ही न विचारताही पानावर टाकतो. तिथे पोचायला घाट ओलांडावा लागतो हे आम्हालाही कळतं. त्याचं इंधन आणि उंचीही शेजारीच लिहिलेली असते.

आम्ही काय करत नाही

जायचं की नाही, हे आम्ही सांगत नाही. तो निर्णय यानाच्या कमांडरचा, आणि जबाबदारीही त्याचीच. आमचं पान हवामान खात्याच्या आणि विमानतळ प्राधिकरणाच्या अधिकृत ब्रीफिंगची जागा घेत नाही. ते नीट वाचता यावं म्हणून आहे. फ्लाइट प्लॅन आम्ही भरत नाही. एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) क्रमांक तुम्हालाच घ्यायचे असतात. त्यांच्यासाठी पानाच्या कोपऱ्यात दोन रिकाम्या चौकटी ठेवल्या आहेत. चौकट रिकामी दिसली की आठवण होते, असा अनुभव.

यंत्रणा बंद पडतात हेही गृहीत धरलेलं आहे. ११ जानेवारी २०२३ ला अमेरिकेत नोटॅमची यंत्रणाच कोलमडली आणि देशभरातली उड्डाणं सकाळी थांबवावी लागली. आपल्याकडे तेवढं व्हायची गरज नाही, कुडाळात जोराचा वारा सुटून वीज गेली तरी पुरे. म्हणून दर तासाला आम्ही सगळ्या स्रोतांची प्रत साठवतो. एखादा स्रोत उघडलाच नाही तर त्या चौकटीत जुनी माहिती नवी म्हणून जात नाही. ‘मिळाली नाही, शेवटची प्रत अमुक वाजताची’ असं छापून येतं.

मागणी कशी नोंदवायची

आदल्या संध्याकाळी सातपर्यंत पाच गोष्टी कळवा: यानाचा प्रकार, निघायची आणि परतीची वेळ, मार्ग, हेलिपॅड असेल तर तिथल्या माणसाचा फोन, आणि उड्डाण नजरेच्या नियमांनी आहे की यंत्रांच्या. रात्री नऊला पहिलं पान येईल, ते फक्त अंदाज बांधण्यापुरतं. खरं पान निघण्याआधी दीड तास. त्यानंतर काही बदललं तर अर्धा तास आधी फक्त बदललेल्या ओळी पाठवतो, सगळं पान पुन्हा नाही.

पान ए-चार आकारात, काळ्या-पांढऱ्या छपाईतही वाचता येईल असं असतं. मतभेदाची लाल ओळ तेव्हा जाड अधोरेखित दिसते. गणपतीच्या आठवड्यात आणि निवडणुकीच्या दिवसांत मागण्या फार येतात. तेव्हा संध्याकाळची वाट न पाहता आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत कळवा, आणि हेलिपॅडवरच्या माणसाला आमचा फोन येणार आहे हे आधी सांगून ठेवा. सकाळी सहाला अनोळखी माणसाने डोंगराचा माथा दिसतो का विचारलं की लोक फोन ठेवून देतात.