'रिकामा प्रदेश' आधी कुणी ओलांडला?

अरबस्तानातलं रुब अल-खाली (म्हणजेच 'रिकामा प्रदेश') हे वाळवंट ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजर यांनी सर्वांत आधी ओलांडलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. ब्रिटिश प्रवासी बर्ट्राम थॉमस यांनी १९३०-३१ मध्येच ते पार करून ओमानमधल्या सलालाहून कतारमधलं दोहा गाठलं होतं. पाठोपाठ १९३२ मध्ये आणखी एक ब्रिटिश, फिल्बी. दुसऱ्या महायुद्धात लढलेले थेसिजर (आपल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधल्या चेम्सफर्डचे पुतणे) तिथे गेले १९४६ मध्ये, तेही टोळांची पैदास कुठे होते ते शोधायला. त्यांनी ते वाळवंट दोनदा पार केलं, उंटांवरून, मोजक्या पाण्यावर. वाळवंटात फिरस्तं जगणाऱ्या बदूंपैकी रशीद जमातीचा तरुण बिन कबीना आणि इतर बदू वाटाडे सोबत होते. ही माणसं नसती तर थेसिजर वाचलेच नसते. 'पहिला' म्हणताना या वाटाड्यांना आपण विसरतो, ते मला फार खुपतं.