श्वार्त्सवुर्त्सेल घरच्या बागेत: खणण्यापासून सोलण्यापर्यंत

जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

काळ्या सालीचे, आतून पांढरेशुभ्र असलेले हे मूळ जर्मन बाजारात श्वार्त्सवुर्त्सेल, तर डच बाजारात स्कोर्सनेरन म्हणून हिवाळाभर मिळते. घरी लावायचे असेल तर पिकाचे निम्मे यश जमीन खणण्यात आहे. मूळ सरळ खाली 30 सेंटीमीटर किंवा त्याहून खोल जाते, म्हणून वाफा 40 सेंटीमीटरपर्यंत भुसभुशीत हवा. खडे वेचून काढा. वाटेत खडा आला की मुळाला फाटे फुटतात आणि असे मूळ सोलणे जिकिरीचे होते. ताज्या शेणखतानेही फाटे फुटतात, त्यामुळे पूर्ण कुजलेले कंपोस्टच वापरा. जमीन जड, चिकण असेल तर तिच्याशी झटत बसू नका. फळ्या लावून उंच वाफा करा आणि त्यात वाळू मिसळलेली माती भरा.

बियाणे ताजे हवे. ते जुने होऊ लागले की उगवण झपाट्याने घटते. गेल्या वर्षीचे पाकीट उरले असेल तर दहा बिया ओल्या कागदात ठेवून आधी पारख करा.

पेरणी: मार्च-एप्रिल. दोन ओळींत 30 सेंटीमीटर अंतर, खोली 2 ते 3 सेंटीमीटर, दर 3 सेंटीमीटरला एक बी. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात आणि कोवळी रोपे हुबेहूब गवतासारखी दिसतात. खुरपताना ती उपटली जाण्याची भीती मोठी. यावर उपाय म्हणजे त्याच ओळीत अधूनमधून लाल मुळ्याच्या बिया टाकणे. मुळा आठवड्याभरात उगवून ओळ दाखवतो आणि हे पीक वाढायच्या आत काढूनही होतो. रोपे बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत 8 ते 10 सेंटीमीटर अंतर ठेवा. ट्रेमध्ये रोपे करून लावू नका, कारण पुनर्लागवडीत मुख्य मूळ दुखावते.

जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचा खंड पडू देऊ नका. माती कोरडी पडून मग एकदम जोराचा पाऊस झाला की मुळे तडकतात. पिवळी फुले आली तर दांडा खुडा, मूळ वाया जात नाही. पानांवर पांढरे फोड (पांढरा तांबेरा) किंवा भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) दिसली तर ती पाने काढून टाका आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी द्या. रोप एकाएकी कोमेजले आणि ओढताच हातात आले, तर खालून शेतउंदराने मूळ खाल्ले आहे असे समजा. जिथे त्यांचा उपद्रव आहे तिथे खणतानाच वाफ्याच्या तळाला आणि कडेला बारीक तारेची जाळी बसवा.

काढणी: ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, लागेल तशी. थंडीने या पिकाचे काही बिघडत नाही, पण जमीन गोठली की खणता येत नाही, म्हणून ओळीवर पेंढ्याचा जाड थर द्या. मूळ ओढून काढू नका, हमखास मोडते. ओळीच्या एका बाजूला मुळांइतका खोल चर खणा, दुसऱ्या बाजूने खणायचा काटा घालून मुळे चराकडे कलती करा आणि अलगद उचला. मोडलेल्या मुळातून चीक वाहतो आणि ते सुकते, म्हणून ते त्याच दिवशी शिजवा. अखंड मुळे न धुता, पाने पिळून काढून, ओलसर वाळूत थंड तळघरात ठेवा.

सोलताना फणसासारखेच हाताला तेल लावा किंवा हातमोजे घाला, कारण चिकाचे तपकिरी डाग सहज निघत नाहीत. सोललेले तुकडे लगेच व्हिनेगर घातलेल्या पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. आम्हाला सोपी वाटणारी रीत म्हणजे आधी सालीसकट 20 ते 25 मिनिटे उकडायचे आणि मग साल ओढून काढायची. मोहरी, जिरे आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परतलेली याची भाजी फार चांगली लागते. यात इन्युलिन (लहान आतड्यात न पचणारा तंतुमय पदार्थ) भरपूर असल्याने पोटात वायू होऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा थोडीच खा.

पहिल्या वर्षी मुळे बोटापेक्षा बारीक राहिली तर ती जमिनीतच राहू द्या. हे बहुवर्षायू पीक आहे, दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती जाड होतात.