ड्रॉप की गळती? होडीच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमधले दोन दोष

स्टार्टर ‘टक’ करून थांबतो, मास्टचा दिवा पिवळा पडतो, बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी उपसणारा) रडतखडत फिरतो. अशा वेळी बहुतेक जण एकच निदान करतात, बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, काही आठवडे सगळं छान चालतं, आणि मग तीच तक्रार परत येते. अशा होडीत बऱ्याचदा बॅटरी चांगली असते आणि दोष वायरिंगमध्ये असतो. तो दोन प्रकारचा असू शकतो, व्होल्टेज ड्रॉप किंवा करंटची गळती. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण आतून ते अगदी उलट आहेत.

ड्रॉपमध्ये करंटच्या वाटेतच अडथळा असतो. बॅटरीत चार्ज असतो, पण तो पंपापर्यंत पुरेसा पोचत नाही. गळतीत करंटला भलतीच दुसरी वाट मिळते. पंप बंद असतानाही बॅटरी थोडी थोडी रिकामी होत राहते. म्हणून ड्रॉप फक्त लोड, म्हणजे पंप-दिव्यासारखं करंट घेणारं उपकरण, चालू असताना सापडतो आणि गळती फक्त सगळं बंद असताना. ही गोष्ट न पाळता दिवसभर मीटर लावत बसलात तरी हाती काही लागत नाही.

फ्यूज उडाला नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे, हा समज आधी सोडा. ड्रॉपमुळे करंट सहसा कमीच होतो आणि गळती फ्यूज वितळण्याइतकी मोठी क्वचितच असते. फ्यूज शॉर्टपासून वाचवतो. या दोन दोषांची त्याला खबरही लागत नाही.

आधी बॅटरीला संशयातून मोकळं करा

बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह केबल काढा आणि २४ तास तशीच ठेवा. मग मीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर लेड-ॲसिड बॅटरी चार्ज धरून आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. काहीही जोडलेलं नसताना एका दिवसात १२.३ वर आली, तर बॅटरीच खराब आहे, वायरिंग उघडू नका. चार्जर काढल्या काढल्या घेतलेलं रीडिंग फसवं असतं, ते नेहमी जास्त दाखवतं.

दुसरी चाचणी स्टार्टर मारताना. मीटर थेट बॅटरीच्या पोलवर धरा. इंजिन फिरत असताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर. बॅटरीवर ११ दिसतंय आणि स्टार्टरच्या बोल्टवर ८.५, तर मधले अडीच व्होल्ट केबल, मेन स्विच किंवा थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) खातंय. तो ड्रॉप झाला.

ड्रॉप: लोड चालू ठेवूनच मोजा

पंपाची वायर काढून तिच्या टोकाला मीटर लावला की १२.६ दिसतं आणि मिस्त्री म्हणतो, ‘सप्लाय तर येतोय.’ इथेच चूक होते. डिजिटल मीटर नगण्य करंट घेतो. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवणार. मीटरऐवजी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. मीटरवर १२.६ असूनही बल्ब मंद पेटला तर दोष पक्का.

जागा शोधायला पंप चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नाही, पोलच्या शिशावर) आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्ह टोकाला. येणारा आकडा म्हणजे पॉझिटिव्ह बाजूला वाटेत हरवलेले व्होल्ट. मग तसंच निगेटिव्हचं मोजा. निगेटिव्ह बाजू बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि खाऱ्या हवेत सडलेला निगेटिव्ह बसबार (सगळ्या निगेटिव्ह वायर एकत्र येतात ती धातूची पट्टी) हा तर नेहमीचा गुन्हेगार. आकडा मोठा आला की पंपाकडचं टोक एकेक जोड मागे आणत चला: पंपाचा जोड, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा), पॅनल, फ्यूज होल्डर. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो, तोच जोड. चांगल्या थिंबलवर किंवा फ्यूजवर ०.०५ व्होल्टच्या आसपास ठीक, ०.१ च्या वर गेलं तर उघडा.

किती ड्रॉप चालेल? अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमात नेव्हिगेशन दिवे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांना ३ टक्के, बाकी साध्या कामांना १० टक्के सूट आहे. १२ व्होल्टवर ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट, जाऊन-येऊन मिळून. आमच्या मते बिल्ज पंपही ३ टक्क्यांतच धरावा, कारण होडी त्याच्यावर तरते.

पंप ५ अँपिअरचा आणि बॅटरीपासून ६ मीटर लांब, म्हणजे वायर १२ मीटर. घरगुती १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर सगळे जोड नवे असतानाही सुमारे ०.८ व्होल्ट जातात. २.५ च्या वायरीत ०.४८, ४ च्या वायरीत ०.३. म्हणजे या अंतराला ४ चौरस मिलिमीटरच लागते. कमी जाडीची वायर हा पहिल्या दिवसापासूनचा ड्रॉप असतो, तो जोड साफ करून जात नाही.

मग त्यात जोड सडतो. एकाच थिंबलमध्ये ०.२ ओहम अडथळा आला की ५ अँपिअरला आणखी १ व्होल्ट जातो, आणि त्या थिंबलमध्ये ५ वॅट उष्णता तयार होते. म्हणून पंप पाचेक मिनिटं चालवून जोडांवर बोट ठेवून बघा. गरम लागणारा जोड, तपकिरी पडलेली स्लीव्ह, वितळून ताणलेलं फ्यूज होल्डरचं प्लास्टिक या ड्रॉपच्या खुणा. उपकरणंही सांगतात. व्हीएचएफ रेडिओ ऐकताना व्यवस्थित, पण बोलायचं बटण दाबलं की बंद पडून पुन्हा सुरू होतो, कारण २५ वॅटचा सेट बोलताना ५-६ अँपिअर मागतो आणि ऐकताना त्याचा अगदी थोडा अंश. बॅटरी निरोगी असूनही स्टार्टर मारला की जीपीएस रीस्टार्ट होत असेल, तर दोघांची सामाईक केबल तपासा.

गळती: सगळं बंद करूनच मोजा

गळतीची तक्रार वेगळी असते, फक्त नीट विचारली जात नाही. संध्याकाळी परतताना सगळं जोरात चालत होतं, दोन-तीन दिवसांनी होडीवर गेलं तर बॅटरी उतरलेली. समुद्रावर असताना आल्टरनेटर तूट भरून काढतो, त्यामुळे रोज जाणाऱ्या होडीत गळती कळतच नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किंवा उधाणामुळे आठवडाभर होडी उभी राहिली की ती उघडी पडते.

सगळे स्विच बंद करा, चार्जर आणि सोलर पॅनल सोडवा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि मीटर निगेटिव्ह पोल आणि काढलेल्या केबलच्या मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर किंवा पंप चालू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मोजून झालं की लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती अँपिअरमध्ये राहून तोच मीटर पुन्हा बॅटरीच्या दोन पोलवर लावणं म्हणजे सरळ शॉर्ट, आणि भरलेल्या बॅटरीवर तो हात भाजतो. बाजारातला साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी वाचतो, तो इथे कामाचा नाही.

रीडिंग स्थिर व्हायला काही मिनिटं द्या. रेडिओची मेमरी, फ्लोट स्विचचं इलेक्ट्रॉनिक सर्किट अशा गोष्टी काही मिलीअँपिअर घेतात, ते चालतं. २० मिलीअँपिअर म्हणजे महिन्याला साधारण १४ अँपिअर-तास. पण ३०० मिलीअँपिअर दिसले तर रोजचे ७.२ अँपिअर-तास गेले, आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात निम्मी.

आता मीटरकडे बघत एकेक फ्यूज काढा. जो काढल्यावर आकडा कोसळतो, गळती त्या सर्किटमध्ये. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर पॅनलच्या आधी जोडलेल्या गोष्टी उरतात: ऑटोमॅटिक बिल्ज पंपाची थेट वायर, आल्टरनेटरचा खराब डायोड, सोलर कंट्रोलर, आउटबोर्डचा हार्नेस. आल्टरनेटरची जाड वायर सुटी करून बघा, आकडा शून्यावर आला तर डायोड.

सगळ्यात जास्त गळत्या मात्र फ्लोट स्विचच्या जोडात सापडतात. तो जोड तळाशी असतो, त्यावर टेप गुंडाळलेली असते, आणि पॉझिटिव्ह वायर तिथे चोवीस तास जिवंत असते. तळात खारं पाणी साचलं की त्या टेपच्या आतून करंट पाण्यात उतरतो. म्हणून तळ पुसून कोरडा केल्यावर घेतलेलं रीडिंग निर्दोष येतं. मीटर जोडलेला ठेवून संशयित जोडावर मगभर समुद्राचं पाणी ओता. आकडा ४ मिलीअँपिअरवरून १५० वर उडाला की दुसरा पुरावा नको. ही चाचणी पावसाच्या गोड्या पाण्याने करू नका, ते फार कमी करंट वाहून नेतं.

गळतीचं नुकसान बॅटरीपुरतं थांबत नाही. पाण्यात उतरलेला करंट परतीची वाट शोधतो, आणि वाटेत एखाद्या धातूतून समुद्राच्या पाण्यात बाहेर पडला की तिथला धातू खातो: सीकॉक (होडीच्या बुडाला बसवलेला पाण्याचा कॉक), शाफ्ट, प्रोपेलर. सतत १ अँपिअर करंट वर्षभरात ९ किलोच्या आसपास लोखंड खाऊ शकतो. १०० मिलीअँपिअरने महिन्याला सुमारे ७५ ग्रॅम. सीकॉकच्या पितळेतून एवढं गेलं तर त्याचा आटा शिल्लक राहत नाही. दोन वेगळ्या धातूंमुळे होणारं नेहमीचं गंजणं व्होल्टच्या काही भागावर चालतं, त्याला जस्ताचा ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा, पुरतो. इथे मागे १२ व्होल्टचा रेटा असतो, तेव्हा नवे ॲनोड बसवत राहून उपयोग नाही. ॲनोड आठवड्यांत संपायला लागले तर आधी गळती मोजा.

एकच जोड, दोन्ही दोष

भिजलेला कनेक्टर उघडून दोन्ही पिना शेजारी धरून बघा. गळती असेल तर पॉझिटिव्ह पिन झिजलेली, हिरव्या भुकटीने भरलेली दिसते आणि निगेटिव्ह पिन बऱ्यापैकी शाबूत. उष्णतेने आलेल्या ड्रॉपमध्ये असा भेद नसतो, जो जोड सैल तो काळा, मग पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह.

गोंधळ इथून वाढतो. गळणाऱ्या जोडातलं तांबं खाल्लं जातं, तारा एकेक करून तुटतात आणि तोच जोड आता अडथळा बनतो. उघडं तांबं संपलं की गळतीही कमी होते. बॅटरी टिकायला लागते आणि मालकाला वाटतं दोष आपोआप गेला. खरं तर पंप त्याच वेळी सगळ्यात धोक्यात असतो, कारण त्याची वायर दोन-चार तारांवर लटकलेली असते. बॅटरी उतरायची अचानक थांबली असेल तर त्याच दिवशी पंप लोडवर मोजा.

दुरुस्ती दोन्हीची एकच. वायर मागे कापत चला, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. खारं पाणी तारांमधून आत चढतं, त्यामुळे १०-१५ सेंटीमीटर जाणं नवल नाही. कल्हई केलेल्या बारीक तारांची, म्हणजे टिन्ड वायर घ्या. थिंबल रॅचेटच्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबा, साध्या पकडीने चेपलेला क्रिम्प इंजिनाच्या थरथरीने सैल होतो. नुसतं सोल्डर करू नका, सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि तिथेच तुटते. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, दोन्ही टोकांतून गोंद बाहेर येईपर्यंत तापवलेली. जोड तळाच्या पाण्याच्या वर बांधा, आणि जोडाच्या आधी वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळात टपकेल, जोडात शिरणार नाही. पंपाच्या थेट वायरला बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज हवाच, पंपावर लिहिलेल्या अँपिअरचा.

गळतीवर सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे होडी नांगरावर लावून घरी जाताना निगेटिव्ह काढून ठेवणं. बॅटरी वाचते, पण ऑटोमॅटिक पंपही त्याच क्षणी मरतो. उघड्या फायबरच्या होडीत एका रात्रीचा जोरदार पाऊस इंजिनापर्यंत पाणी आणू शकतो. गळती सापडेपर्यंत बाकीच्या सर्किटचे फ्यूज काढा, पंपाचा ठेवा. गळती पंपाच्याच जोडात असेल, तर त्या संध्याकाळी होडी वर ओढून घ्या.