क्योतोच्या देवळांमधल्या बागा आणि त्या ऋतूंप्रमाणे बघणं

जपानच्या क्योतो शहरात बौद्ध देवळांना लागून शेकडो वर्षं जुन्या बागा आहेत आणि तिथले लोक त्या एकदा बघून मोकळे होत नाहीत, त्याच बागेत पुन्हा पुन्हा जातात: एप्रिलमध्ये चेरीच्या फुलांसाठी, जूनमध्ये शेवाळासाठी, नोव्हेंबरमध्ये मेपलच्या लाल पानांसाठी, आणि नशीब असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत बर्फासाठी. हे नुसतं टुरिझमचं खूळ नाही. जुन्या जपानी पंचांगात वर्षाचे 72 भाग केलेत, प्रत्येक साधारण पाच दिवसांचा, मूळ पद्धत चीनची पण 1685 मध्ये ती जपानच्या हवामानाप्रमाणे बदलून घेतली. इतक्या बारकाईने ऋतू मोजणाऱ्या लोकांनी बागा केल्या तर त्या वर्षभर एकसारख्या दिसाव्यात असं त्यांना वाटेलच कशाला!

बागा ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या, तळ्याभोवती फिरून बघायच्या आणि ओसरीवर बसून बघायच्या. दुसऱ्या प्रकारातली सगळ्यात प्रसिद्ध र्योआनजीची (नावातलं 'जी' म्हणजे देऊळ). पांढरी खडी, तिच्यावर फणीने ओढलेल्या रेघा, 15 दगड, आणि ते असे मांडलेत की ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्याच्या आड जातोच. दगडांच्या बुडाशी थोडं शेवाळ सोडलं तर आत हिरवं काही नाही, त्यामुळे ही बाग कधीही बघितली तरी चालते असं बरेच जण सांगतात, पण ते मला पटत नाही. मागची बुटकी भिंत तेल घातलेल्या मातीची आहे, ते तेल वर्षानुवर्षं झिरपून तिच्यावर तपकिरी डाग उमटलेत, आणि वसंतात त्याच भिंतीवरून पलीकडच्या चेरीच्या फांद्या आत झुकतात. नीट बघायचं तर इथेही ऋतू बघूनच जावं.

चेरीचं म्हणाल तर क्योतोच्या फुलण्याच्या तारखा डायऱ्यांमधून आणि दरबारी नोंदींमधून नवव्या शतकापासून सापडतात. 2021 मध्ये 26 मार्चलाच पूर्ण बहर आला, हजार-बाराशे वर्षांच्या या नोंदींमध्ये तोवर इतका लवकर कधीच आला नव्हता, आणि पुढे 2023 मध्ये त्याच्याही आधी आला. म्हणजे "एप्रिलचा पहिला आठवडा" हा जुना हिशोब आता डोळे झाकून धरू नये. उशीर झालाच तर निन्नाजीला जावं, तिथली चेरीची झाडं बुटकी आणि उशिरा फुलणारी, फुलं अगदी चेहऱ्यासमोर येतात. दाइगोजीत तोयोतोमी हिदेयोशी या तेव्हाच्या जपानच्या सत्ताधीशाने 1598 मध्ये सुमारे 700 झाडं लावून मोठा फुलोत्सव केला होता, आणि त्याच वर्षी तो वारला. या देवळाच्या तळ्याकाठी बेन्झाइतेनचं देऊळ आहे, ही बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली.

पण मला विचाराल तर खरा सीझन जूनचा. पाऊस लागलेला असतो, गर्दी कमी असते, आणि शेवाळ जागं होतं. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते पानांनीच पाणी पितं, म्हणून कोरड्या दिवसांत आक्रसून तपकिरी पडतं आणि एक चांगली सर आली की बघता बघता पुन्हा हिरवंगार होतं. साइहोजीत याचे 120 च्या आसपास प्रकार आहेत. मुसो सोसेकी या झेन भिक्षूने 1339 मध्ये हे देऊळ पुन्हा उभं केलं तेव्हा बाग शेवाळाची नव्हतीच! पुढे देवळाला वाईट दिवस आले, बागेकडे लक्ष द्यायला कोणी नव्हतं, आणि सावली-ओलाव्यात शेवाळ आपसूक पसरलं. आता मात्र त्याची निगा रोजची, गळलेली पानं वर राहिली तर उजेड अडतो म्हणून ती हलक्या हाताने झाडून काढायची, तण एकेक करून उपटायचं. पावसाळा पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ही बाग चटकन भिडेल.

जुलै-ऑगस्टमध्ये भयंकर दमट उकाडा, तेनर्यूजीची कमळं सकाळी लवकर बघून घ्यावी, बाकी फारसं काही नाही.

शरदात तोफुकुजी. घळीवर लाकडी पूल आणि खाली सुमारे 2,000 मेपल. इथे चेरी का नाही याची गोष्ट सांगतात की मिंचो नावाच्या चित्रकार भिक्षूने शोगुनला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाला, विनंती करून ती झाडं तोडायला लावली, कारण फुलं बघायला येणाऱ्या लोकांनी मठाचं करमणुकीचं ठिकाण झालं असतं. आता मेपलसाठीच एवढी झुंबड उडते की ऐन सीझनमध्ये पुलावर फोटोला बंदी असते. रंग साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरतो.

हिवाळ्यात क्योतोत बर्फ साचून राहत नाही, किनकाकुजीचा सोनेरी मंडप पांढरा बघायचा तर पहाटे बर्फ पडल्यावर दार उघडतानाच पोचावं. 31 डिसेंबरच्या रात्री देवळांत घंटेचे 108 ठोके देतात, चिओनइनची सुमारे 70 टनांची घंटा वाजवायला 17 भिक्षू दोर ओढतात, आणि 108 म्हणजे आपल्या जपमाळेतलाच आकडा. बाकी जपानी बागांमध्येही थंडीची कामं बघण्यासारखी असतात. कानाझावाच्या केनरोकुएनमध्ये 1 नोव्हेंबरपासून पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून वरून दोरांनी बांधायला घेतात. ओकायामाच्या कोराकुएनमध्ये फेब्रुवारीत हिरवळ मुद्दाम जाळतात, म्हणजे कीड मरते आणि नवं गवत जोमाने फुटतं. ही बाग 1700 मध्ये पुरी झाली आणि पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्याच धर्तीवर केलंय, त्यामुळे तळं, पूल, टेकाडं ही मांडणी पुणेकरांना ओळखीची वाटेल, फक्त पानांचे रंग आणि बर्फ पुण्यात मिळणार नाही.

जाण्याआधी एवढं बघून ठेवा. साइहोजीत 1977 पासून आधी नाव नोंदवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि रीत अशी की पहिल्यांदा सूत्राची, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथाची, अक्षरं ब्रशने गिरवायची, मग बाग. बहुतेक देवळं साडेचार-पाचला बंद होतात, पण एइकानदोसारख्या ठिकाणी शरदात रात्री दिवे लावून बाग उघडी ठेवतात. चपला-बूट बाहेर काढावे लागतात, आणि हिवाळ्यात लाकडी ओसरी इतकी गार असते की जाड मोजे घालूनच जावं, नाहीतर दहा मिनिटंही स्वस्थ बसवत नाही.