अडव्हाइस आणि अडव्हाइझ: घोटाळा स्पेलिंगचा नाही, उच्चाराचा आहे

नाम 'अडव्हाइस', म्हणजे सल्ला. क्रियापद 'अडव्हाइझ', म्हणजे सल्ला देणं. नामाला सी, क्रियापदाला एस, हे बहुतेकांना शाळेपासून पाठ असतं. तरीही ईमेलच्या शेवटी सी घातलेलं 'प्लीज अडव्हाइस' येतं आणि मीटिंगमध्ये 'तुमचा अडव्हाइज हवा होता' ऐकू येतं. आपण स्पेलिंग घोकतो, पण दोन्ही शब्द एकाच उच्चारात उरकतो. मग लिहिताना कानाची मदत कुठून मिळणार?

गळ्यावर दोन बोटं ठेवून लांब 'स्‌ऽऽ' म्हणा. गळा शांत राहतो. आता भुंग्यासारखा 'झ्‌ऽऽ' काढा, बोटांना थरथर जाणवेल. मराठी व्याकरणातला कठोर-मृदू व्यंजनांचा भेद तो हाच. नामाचा शेवट कठोर, क्रियापदाचा मृदू. पण त्याहून महत्त्वाचं, आणि शिकवण्यांमध्ये हमखास सुटणारं, म्हणजे आधीच्या स्वराची लांबी. कठोर व्यंजनाआधी इंग्रजी स्वर आखडतो, मृदू व्यंजनाआधी ऐसपैस लांबतो: 'अडव्हाइस', पण 'अडव्हाऽइझ'. इंग्रज माणूस शेवटचा 'झ' बऱ्याचदा अर्धवटच उच्चारतो. ऐकणारा फरक ओळखतो तो मुख्यतः या लांबीवरून.

हे एकट्या जोडीपुरतं नाही. घर 'हाउस', पण कुणाला घर देणं 'हाउझ'. उपयोग 'यूस', वापरणं 'यूझ'. बिलीफ-बिलीव्ह, प्रूफ-प्रूव्ह, हाफ-हाव्ह ही त्याच घराण्यातली. जुन्या इंग्रजीत घर 'हूस' आणि क्रियापद 'हूसिअन' होतं. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'स' मृदू उच्चारला जाई. पुढे शेपटी गळाली, मृदूपणा मात्र टिकला. 'अडव्हाइस' आणि 'यूस' फ्रेंचमधून आले, पण तिथेही दोन स्वरांमधला 'स' मृदूच.

मला सर्वांत खटकतो तो 'क्लोज फ्रेंड'. जवळचा मित्र 'क्लोस' असतो. 'क्लोझ' करतात ते दार. 'यूज्ड टू'ही नको: सवयीबद्दल बोलताना पुढच्या 'ट'मुळे ते 'यूस्ट टू' होतं.

प्रॅक्टिस आणि लायसन्स या शब्दांत उच्चार एकच, फरक फक्त ब्रिटिश स्पेलिंगचा. अमेरिकन लोक नाम असो की क्रियापद, पहिल्यात सी आणि दुसऱ्यात एस लिहितात. आणि 'अडव्हाइसेस' कृपया नकोच: मराठीत दोन सल्ले देता येतात, इंग्रजीत 'टू पीसेस ऑफ अडव्हाइस'.