लहान कॅलिबरचे पिस्तूल आणि नेमाचे गणित

आंतरराष्ट्रीय नेमबाजीत ‘२५ मीटर सेंटर फायर पिस्तूल’ नावाचा पुरुषांचा एक प्रकार आहे. हिरोशिमा येथे १९९४ साली आणि दोहा येथे २००६ साली झालेल्या आशियाई स्पर्धांत जसपाल राणा यांनी सुवर्णपदक मिळवले तो हाच प्रकार. त्यात ७.६२ मिलिमीटरपासून ९.६५ मिलिमीटरपर्यंत कोणत्याही कॅलिबरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) पिस्तूल चालते, म्हणजे .३८ इंचाचे दणदणीत काडतूस वापरायलाही नियमांची आडकाठी नाही. तरीही या प्रकारात उतरणारे बहुतेक नेमबाज .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे शतकाहून जुने, मवाळ काडतूस निवडतात. ज्यांचे सारे आयुष्य एकेका गुणाचा हिशेब करण्यात जाते, ती माणसे मुभा असूनही मर्यादेच्या तळाशी का थांबतात, या प्रश्नाच्या उत्तरात पिस्तुलाच्या विज्ञानाचा मोठा भाग सामावलेला आहे.

पिस्तुलाविषयी सर्वसामान्य समज असा असतो की गोळी जितकी जाड तितके शस्त्र परिणामकारक. हा समज तपासण्यासाठी दोन प्रसिद्ध काडतुसे शेजारी ठेवावीत. नऊ मिलिमीटर काडतुसाची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि ती नळीतून सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने बाहेर पडते. .४५ एसीपी काडतुसाची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची, पण तिचा वेग सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास. दोन्हींची गतिज ऊर्जा काढली तर ती जवळपास सारखीच, म्हणजे ४९० ज्यूलच्या आगेमागे येते. नेमबाजाच्या हाताला मात्र ऊर्जेशी थेट देणेघेणे नसते. त्याच्या वाट्याला येतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. तो नऊ मिलिमीटरसाठी २.८ आणि .४५ साठी ३.८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद इतका भरतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळी पुढे जाताना पिस्तूल तितक्याच संवेगाने मागे येते आणि त्या मागे येण्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही पिस्तुले ९०० ग्रॅमची आहेत असे धरले आणि दारूच्या वायूचा वाटा बाजूला ठेवला, तर नऊ मिलिमीटरचा झटका सुमारे साडेचार ज्यूलचा आणि .४५ चा आठ ज्यूलचा येतो. लक्ष्यावर पोहोचणारी ऊर्जा तेवढीच राहते आणि हाताला बसणारा झटका जवळपास दुप्पट होतो.

याच हिशेबात .२२ लाँग रायफल हे काडतूस बसवून पाहावे. अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणलेल्या या काडतुसाची गोळी अवघी २.६ ग्रॅमची असून पिस्तुलातून ती सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा सुमारे ११७ ज्यूल, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या पावपट. परंतु त्याच ९०० ग्रॅमच्या पिस्तुलात तिचा झटका एक तृतीयांश ज्यूलच्या आसपास, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या तेराव्या हिश्श्याएवढा. नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशी .२२ द्यावे असे जाणते प्रशिक्षक म्हणतात, त्यामागे हे गुणोत्तर आहे.

झटका कमी असल्याने नेम सुधारतो तो कसा, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण वरवर पाहता तसे व्हायचे काही कारण दिसत नाही. गोळी नळीत असते तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. झटका जाणवून माणसाच्या स्नायूंनी त्याला प्रतिसाद देण्यास त्याच्या शंभरपटीहून अधिक वेळ लागतो. म्हणजे झटक्याला हाताने दिलेला प्रतिसाद त्या गोळीचा नेम बिघडवूच शकत नाही. तोवर गोळी कागदाला भोक पाडून गेलेली असते. नेम बिघडतो तो झटक्याच्या अपेक्षेने. मागच्या गोळीचा दणका शरीराला आठवत असतो, आणि ट्रिगर सुटण्याच्या क्षणभर आधीच मनगट खाली ढकलले जाते, बोटे आवळली जातात, डोळे मिटतात. यालाच नेमबाज ‘फ्लिंच’ म्हणतात. प्रशिक्षक हा दोष उघडा पाडण्यासाठी शिकाऊ नेमबाजाच्या नकळत मॅगझिनमध्ये मधेच एखादे निकामी काडतूस घालतो. ट्रिगर दाबला जातो, बार होत नाही, आणि तरीही नळीचे तोंड झपकन खाली जाते. त्या क्षणी नेमबाजाला आपला दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो आणि त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हा दोष किती महाग पडतो ते भूमितीवरून कळते. स्पर्धेच्या पिस्तुलावर नेम धरण्यासाठीची पुढची माशी आणि मागची खाच यांत जास्तीत जास्त २२ सेंटीमीटर अंतर असते. माशी खाचेच्या तुलनेत १ मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटीमीटरहून अधिक भरकटते. अचूकतेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असल्याने त्याच्या मध्यावर धरलेला नेम पाव मिलिमीटर ढळला तरी दहाचा गुण हातचा जातो. फ्लिंच करणाऱ्या मनगटाची हालचाल याच्या कितीतरी पट मोठी असते. लहान कॅलिबरमुळे ही भीती मुळात रुजतच नाही, आणि ज्याच्या अंगात ती आधीच भिनली आहे त्याला .२२ वर काही आठवडे सराव करून ती उतरवता येते. माझ्या मते लहान कॅलिबरचा याहून मोठा गुण दुसरा नाही.

वेगवान प्रकारांत आणखी एक लाभ दिसतो. ऑलिंपिकमधील २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात. त्यासाठी आधी आठ, मग सहा आणि शेवटी फक्त चार सेकंद मिळतात, आणि सुरुवातीला हात खाली झुकवून उभे राहावे लागते. विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडनला रौप्यपदक मिळवले ते याच प्रकारात. नळी दर गोळीनंतर उसळली आणि परत खाली यायला अर्धा सेकंद लागला, तर चार सेकंदांत हे काम होणेच नाही. .२२ मध्ये नळी जेमतेम हलते आणि माशी जागेवर राहते. महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकारही .२२ चाच. त्यात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

आनंदासाठी नेमबाजी करणाऱ्याला याखेरीज दोन फायदे होतात. .२२ चे काडतूस सर्वांत स्वस्त असते, आणि तासभर सराव करूनही मनगट व कोपर दुखत नाहीत. एक गैरसमज मात्र धोक्याचा आहे. ‘बारके काडतूस’ म्हणून कानांवर संरक्षण न घेता त्याचा सराव करणारे लोक आढळतात. .२२ पिस्तुलाचा आवाजही कानाजवळ १४० डेसिबलची धोक्याची पातळी ओलांडतो आणि त्याने झालेली हानी भरून येत नाही. त्याची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे लक्ष्यामागे भक्कम बांध हवाच.

येथवर खेळाचे झाले. स्वसंरक्षणाचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यात अमेरिकेने जवळपास तीन दशके घालवली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे बँकांवर दरोडे घालणाऱ्या दोघांशी एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या आठ अधिकाऱ्यांची चकमक झाली. दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. दोघे दरोडेखोरही मारले गेले. चकमकीच्या आरंभीच नऊ मिलिमीटरची एक गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली होती, मात्र हृदयापर्यंत न पोहोचता अलीकडेच थांबली, आणि तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. ठपका नऊ मिलिमीटरवर आला. एफबीआयने आधी १० मिलिमीटरचे जबर काडतूस घेतले, ते बहुतेकांना झेपेना म्हणून त्याचा भार कमी केला, आणि त्याच विचारातून १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन हे काडतूस जन्माला आले. अमेरिकेतील असंख्य पोलीस दलांनी ते उचलले.

त्या शोकांतिकेतून निघालेली खरी मोलाची गोष्ट म्हणजे मोजमापाची पद्धत. लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील प्रयोगशाळेत जखमांचा अभ्यास करण्यासाठी जिलेटिनचे ठोकळे प्रमाणित केले होते. एक भाग जिलेटिन आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण ४ अंश सेल्सिअसला थंड केले की ते स्नायूंसारखा विरोध करते. ठोकळा योग्य जमला आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यात साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने मारतात. तो साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास थांबला तरच पुढची चाचणी ग्राह्य धरली जाते. एफबीआयने ठरवले की पिस्तुलाची गोळी अशा ठोकळ्यात किमान ३० आणि जास्तीत जास्त ४६ सेंटीमीटर जावी, जाड कपडे, प्लायवूड, पत्रा किंवा मोटारीची काच मधे असली तरीही. रायफलच्या गोळीभोवती ऊती क्षणभर फुगून फाटतात, पण पिस्तुलाच्या गोळीचा वेग त्यासाठी अपुरा असतो. लवचीक ऊती ताणल्या जाऊन पुन्हा जागेवर येतात. म्हणून पिस्तुलाच्या बाबतीत दोनच गोष्टींना अर्थ उरतो: गोळी कोठे लागली आणि पुरेशी खोल गेली का.

ही कसोटी हाती आल्यावर काडतूस कारखान्यांनी पोकळ टोकाच्या, म्हणजे लागल्यावर फुलून रुंद होणाऱ्या, गोळ्यांची रचना सुधारली, आणि २०१४ पर्यंत चित्र पालटले. त्या वर्षी एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने मांडलेल्या टिपणाचा निष्कर्ष असा होता की आधुनिक नऊ मिलिमीटर, .४० आणि .४५ यांच्या जखमांत व्यवहारात फरक करता येत नाही. उलट नऊ मिलिमीटरने बहुतेक अधिकारी अधिक वेगाने आणि अधिक अचूक गोळ्या झाडतात. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या हुकतात, हेही त्यात नमूद होते. हे वास्तव लक्षात घेतले की कॅलिबरच्या वादाची जागा आपोआप ठरते. जी गोळी लागलीच नाही तिच्या जाडीची चर्चा व्यर्थ आहे, आणि हुकलेली प्रत्येक गोळी कोणा तिऱ्हाइताच्या दिशेने गेलेली असू शकते. त्याच बांध्याच्या ग्लॉक पिस्तुलात .४० च्या १५ तर नऊ मिलिमीटरच्या १७ गोळ्या मावतात, हा फायदा वेगळाच. एफबीआय अखेर नऊ मिलिमीटरकडे परतली.

मात्र ‘लहान’ म्हणजे कितीही लहान असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याच ३० सेंटीमीटरच्या कसोटीने खालची मर्यादाही आखून दिली आहे. कमी ऊर्जेच्या काडतुसाला खोल जाणे आणि फुलणे यांपैकी एकच गोष्ट परवडते; .२२ किंवा .३८० ची पोकळ टोकाची गोळी फुलली तर पुष्कळदा उथळच थांबते. .२२ ला आणखी एक खोट आहे. त्यात पेट घेणारे रसायन मध्यभागी वेगळ्या टोपीत नसून काडतुसाच्या कडेच्या घडीत पसरवलेले असते. ते एखाद्या जागी नीट पसरले नाही आणि फायरिंग पिन नेमकी तेथेच पडली, तर बार होत नाही. मैदानावर अशा वेळी काडतूस बदलता येते. जिवावरच्या प्रसंगी ती उसंत नसते. म्हणून निरोगी हाताच्या माणसाला संरक्षणासाठी .२२ सुचवणे मला पटत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या वृद्धाची गोष्ट निराळी. ज्याला नऊ मिलिमीटरची स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढता येत नाही, त्याच्या हाती चालणारे .२२ केव्हाही अधिक उपयोगाचे.

येथे कॅलिबरइतकेच पिस्तुलाचे वजनही मोजावे लागते, आणि आपल्याकडे हा मुद्दा विशेष लागू पडतो. भारतात नऊ मिलिमीटर हे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर (कॅलिबर) असल्याने परवानाधारकाची निवड बहुधा .३२ वर येऊन थांबते. कानपूरच्या आयुध निर्माणीत २०१४ मध्ये तयार झालेले ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर याच बोअरचे असून ते सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. .३२ लाँगची ६.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटर वेगाने निघाली तर संवेग १.४ च्या आत राहतो, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या निम्मा. पण ५०० ग्रॅमचे शस्त्र त्या संवेगाने सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने मागे येते, आणि ९०० ग्रॅमचे नऊ मिलिमीटर पिस्तूल सुमारे तीन मीटरने. पर्समध्ये मावावे म्हणून घटवलेल्या वजनामुळे लहान काडतुसाचा बराचसा मवाळपणा खर्च होतो. सेंटर फायर स्पर्धेतील .३२ पिस्तूल याच्या दुपटीहून जड असते, म्हणून तेथे तेच काडतूस गुणी वाटते.

परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसांची संख्याही मर्यादित असल्याने अशा शस्त्राचा पुरेसा सराव फार थोड्यांना करता येतो. त्यावर उपलब्ध असलेला उपाय म्हणजे साडेचार मिलिमीटरचे एअर पिस्तूल. २० ज्यूलच्या आतील अशा हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा तर याहून कितीतरी कमी असते. त्याचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा नळीत तुलनेने जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे ट्रिगर सुटल्यावरही हात स्थिर ठेवण्याची सवय लागते. १० मीटरवरील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, आणि झटका जवळजवळ नसल्याने हुकलेल्या छऱ्याचे कारण ट्रिगरवरच्या बोटात आणि मनगटात शोधावे लागते.