वर्तुळकंसाची लांबी आणि वर्तुळपाकळीची परिमिती

वर्तुळाच्या परिघावरील दोन बिंदूंमधला तुकडा म्हणजे वर्तुळकंस. या तुकड्याची दोन्ही टोके केंद्राशी जोडली की दोन त्रिज्या आणि कंस यांनी वेढलेला भाग मिळतो, ती वर्तुळपाकळी. भाकरीचा चतकोर ही मराठी घरातली सर्वांत ओळखीची वर्तुळपाकळी. महाराष्ट्रात दहावीच्या भूमितीत हा विषय ‘महत्त्वमापन’ या प्रकरणात शिकवला जातो. सूत्रे मोजकीच आहेत, पण त्यांच्या पोटात बरेच काही दडलेले आहे.

एकाच वर्तुळात केंद्राशी समान कोन करणारे कंस समान लांबीचे असतात. त्यामुळे कोन दुप्पट झाला की कंस दुप्पट होतो, तिप्पट झाला की तिप्पट. पूर्ण फेरा ३६० अंशांचा आणि त्याची लांबी म्हणजे परीघ, म्हणून

कंसाची लांबी = (केंद्रीय कोन ÷ ३६०) × २ × पाय × त्रिज्या

यात ‘पाय’ म्हणजे परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, सुमारे ३.१४१६. पाकळीची परिमिती काढताना या कंसात दोन त्रिज्या मिळवायच्या:

परिमिती = कंसाची लांबी + २ × त्रिज्या

उत्तरपत्रिका घसरतात त्या या दुसऱ्या ओळीवर. विद्यार्थी कंस बरोबर काढतात आणि तिथेच थांबतात. क्षेत्रफळ कोनाच्या प्रमाणात वाटले जाते, कंसही वाटला जातो, मग परिमितीही वाटली जाईल असे मन धरून बसते. पण परिमितीची वाटणी तशी होत नाही.

भाकरी समोर घेऊन हे नीट दिसते. १४ सेंटीमीटर त्रिज्येच्या भाकरीचा परीघ, पाय २२/७ धरून, ८८ सेंटीमीटर येतो. तिचे चार चतकोर केले तर प्रत्येकाच्या वाट्याला २२ सेंटीमीटरचा कंस येतो. चतकोराभोवती दोरा गुंडाळला तर मात्र २२ + १४ + १४, म्हणजे ५० सेंटीमीटर दोरा लागतो. चार चतकोरांना २००. भाकरी तेवढीच, पीठ तेवढेच, क्षेत्रफळ चौघांचे मिळून पूर्वीइतकेच ६१६ चौरस सेंटीमीटर. परंतु सुरीच्या प्रत्येक सरळ कापाने दोन नव्या कडा निर्माण झाल्या आणि कडांची बेरीज ८८ वरून २०० वर गेली.

आता एकच चतकोर उचला आणि उरलेली पाऊण भाकरी मोजा. तिचा कंस ६६ सेंटीमीटर, अधिक २८ सेंटीमीटर सरळ कडा: एकूण ९४. अख्ख्या भाकरीच्या कडेपेक्षा पाऊण भाकरीची कड लांब भरते. कारण सोपे आहे. तुकडा उचलताना त्याचा कंस आपल्या हातून जातो आणि त्याबदल्यात दोन त्रिज्या उघड्या पडतात. गेलेला कंस दोन त्रिज्यांपेक्षा आखूड असेल तर परिमिती वाढते, लांब असेल तर घटते. हा तोल बरोबर साधतो तो काढलेल्या तुकड्याचा कंस दोन त्रिज्यांएवढा असताना, म्हणजे त्याचा कोन सुमारे ११४.६ अंश असताना.

हा ११४.६ अंशांचा कोन लक्षात ठेवण्याजोगा आहे. या कोनाच्या पाकळीत कंस दोन त्रिज्यांचा, बाजू दोन त्रिज्यांच्या, म्हणजे परिमिती नेमकी चार त्रिज्या. पाकळीचे क्षेत्रफळ कंस गुणिले त्रिज्या भागिले दोन असते. ते इथे त्रिज्येच्या वर्गाएवढे येते. म्हणजे त्रिज्येएवढ्या बाजूचा चौरस आणि ही पाकळी यांची परिमितीही सारखी आणि क्षेत्रफळही सारखे. ठरावीक लांबीच्या तारेत जास्तीत जास्त जागा घेरणारी पाकळीही हीच. ४० मीटर तार घेऊन पाकळीच्या आकाराचा वाफा आखायचा असेल तर अर्धवर्तुळात सुमारे ९५.१ चौरस मीटर जागा मिळते, काटकोनी पाकळीत ९८.६, आणि १० मीटर त्रिज्या व २० मीटर कंस घेतला तर पूर्ण १००. शालेय अभ्यासक्रमात हे उदाहरण क्वचितच दिसते. असायला हवे, कारण परिमिती स्वतंत्रपणे का शिकायची याचे उत्तर त्यात आहे.

माप आणि लांबी

कंसाचे माप अंशांत सांगतात आणि ते त्याच्या केंद्रीय कोनाएवढे असते. दोन बिंदूंमधल्या मोठ्या तुकड्यासाठी, म्हणजे विशालकंसासाठी, ३६० मधून लहान तुकड्याचे, म्हणजे लघुकंसाचे, माप वजा करतात. लांबी सेंटीमीटर-मीटरमध्ये असते. एकाच केंद्राभोवती लहानमोठी वर्तुळे काढली तर एका कोनात सापडणाऱ्या सगळ्या कंसांचे माप एकच, लांबी मात्र बाहेर जावे तशी वाढत जाते. हा फरक मैदानावर डोळ्यांना दिसतो. ४०० मीटर शर्यतीत धावपटू एका रेषेत उभे नसतात. बाहेरच्या लेनमधला पुढे उभा असतो. प्रमाणित धावपट्टीत ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि ३६.५० मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे असतात. धावणारा आतल्या कडेला अगदी चिकटून धावत नाही, म्हणून पहिल्या लेनची लांबी कडेपासून ०.३० मीटर बाहेरून मोजतात: २ × ८४.३९ अधिक २ × पाय × ३६.८०, म्हणजे १६८.७८ + २३१.२२, बरोबर ४००.

दुसरी लेन १.२२ मीटर पलीकडे, आणि तिथे आतल्या रेषेपासून ०.२० मीटरवर मोजणी. म्हणून तिची त्रिज्या ३७.९२ मीटर. दोन वळणांवर मिळून हा धावपटू ७.०४ मीटर जास्त धावेल, म्हणून त्याला तेवढे पुढे उभे करतात. त्यापुढच्या प्रत्येक लेनला २ × पाय × १.२२, म्हणजे सुमारे ७.६७ मीटरची भर. आठव्या लेनचा धावपटू पहिल्याच्या ५३.०३ मीटर पुढे असतो. घरी दूरदर्शन संचावर पाहताना हा अन्याय वाटतो, पण हिशोब सेंटीमीटरपर्यंत चोख आहे. लेनपासून लेनची ही भर वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नाही, फक्त लेनच्या रुंदीवर आहे. मैदान कितीही मोठे केले तरी ती तीच राहील.

त्याच मैदानात भालाफेकीची पाकळी आखलेली असते. धावमार्ग ४ मीटर रुंद असतो आणि त्याच्या टोकाला ८ मीटर त्रिज्येचा कंस काढतात. केंद्रापासून या कंसाच्या दोन टोकांमधून पुढे नेलेल्या रेषा म्हणजे पाकळीच्या बाजू. त्यांच्यातला कोन २८.९६ अंश भरतो. कंसाची लांबी सुमारे ४.०४ मीटर येते, म्हणजे समोरच्या ४ मीटर जीवेपेक्षा (कंसाची टोके जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा) जेमतेम चार सेंटीमीटर जास्त. लहान कोनात कंस आणि जीवा इतके जवळ येतात. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. फेकीचे अंतर ८ मीटरच्या कंसापासून मोजतात, म्हणून केंद्रापासून ते ९५.५८ मीटर. त्या अंतरावर पाकळीचा कंस सुमारे ४८.३ मीटर लांब होतो, आणि केंद्रापर्यंतच्या पूर्ण पाकळीची परिमिती जवळजवळ २३९.५ मीटर.

चाप, ज्या, शर

संस्कृत गणितात कंसाला चाप म्हणजे धनुष्य, त्याच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेला ज्या किंवा जीवा म्हणजे दोरी, आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंतच्या अंतराला शर म्हणजे बाण म्हणत. मराठी पाठ्यपुस्तकातला ‘जीवा’ हा शब्द त्याच धनुष्याचा. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, म्हणजे पाय ३.१४१६, आणि ही किंमत ‘आसन्न’, म्हणजे जवळची, असेही स्पष्ट सांगितले. त्याने जीवांच्या कोष्टकासाठी त्रिज्या ३४३८ घेतली. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचा परीघ ३६० × ६०, म्हणजे २१,६०० कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला) मानला तर त्रिज्या तेवढ्याच कलांच्या मापात ३४३८ भरते. कंस आणि त्रिज्या एकाच एककात मोजण्याची ही कल्पना आजच्या रेडियनच्या अगदी शेजारची आहे.

रेडियन म्हणजे त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस केंद्राशी जो कोन करतो तो, सुमारे ५७.३ अंश. या एककात कंसाची लांबी = त्रिज्या × कोन, आणि पाकळीची परिमिती = त्रिज्या × (कोन + २). ३६० ने भागणे नाही, पायचा गुणाकार नाही. वर भेटलेला ११४.६ अंशांचा कोन म्हणजे नेमके दोन रेडियन.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) परिघाचे दोन नियम आहेत: सूक्ष्म परीघ हवा तर व्यास ३९२७ ने गुणून १२५० ने भागावा, व्यवहारापुरता स्थूल हवा तर २२ ने गुणून ७ ने. स्थूल आणि सूक्ष्म असे उघडपणे वेगळे करणे ही फार प्रामाणिक रीत आहे, आणि वर्गात ती विसरली जाते. २२/७ हीच पायची खरी किंमत असे मानणारी मुले कमी नाहीत. भाकरीला २२/७ पुरते. वरच्या धावपट्टीला पुरत नाही: वळणांची लांबी त्याने सुमारे ९ सेंटीमीटर जास्त येते, आणि शर्यतीचा निकाल त्याहून कमी अंतरात लागू शकतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. केरळात संगमग्रामच्या माधवाने पुढे कंसाची लांबी अनंत पदांच्या बेरजेने काढण्याची रीत दिली.

केंद्र हाताशी नसते तेव्हा लीलावतीतला आणखी एक नियम उपयोगी पडतो: अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागून त्यात शर मिळवला की व्यास मिळतो. खिडकीवरच्या कमानीचे उदाहरण घेऊ. पायथ्याची रुंदी १२० सेंटीमीटर, मध्यावरची उंची २०. अर्धी जीवा ६०, तिचा वर्ग ३६००, भागिले २० म्हणजे १८०, अधिक २०: व्यास २००, त्रिज्या १००. कमानीचे केंद्र पायथ्याच्या ८० सेंटीमीटर खाली पडते, तिथे खिळा ठोकून दोरीने कमान आखता येते. केंद्रीय कोन सुमारे ७३.७४ अंश आणि कमानीच्या कडेची लांबी सुमारे १२८.७ सेंटीमीटर. कडेने पट्टी बसवायची तर एवढी लागेल. इथे त्रिज्यांचा संबंध नाही, कारण त्या कमानीत नसतातच. कंस मागितला आहे की परिमिती, हे काम काय आहे त्यावरून ठरते.

पत्र्याच्या नरसाळ्यात दोन्ही लागतात. शंकू उभा चिरून सपाट केला की वर्तुळपाकळी होते. तोंड २० सेंटीमीटर व्यासाचे आणि तिरकी उंची २५ हवी असेल तर पत्र्यावर २५ त्रिज्येची आणि १४४ अंशांची पाकळी काढायची (१० भागिले २५ गुणिले ३६०). तिचा ६२.८ सेंटीमीटरचा कंस वळून तोंडाची गोल कड बनतो, आणि २५-२५ च्या दोन बाजू एकमेकींना जोडल्या जातात. कात्री पाकळीच्या पूर्ण परिमितीवरून, ११२.८ सेंटीमीटर फिरते. तोंडाला तार बसवायची तर ती फक्त कंसाएवढी. जोडाची पट्टी आणि खालची नळी बसवण्याचे भोक यांचा हिशोब वेगळा.

पृथ्वीचा कंस

कंसावरून परीघ काढण्याचे सर्वांत प्रसिद्ध काम ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनीसचे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सायीनी (आजचे इजिप्तमधले आस्वान) येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो उभ्या रेषेपासून पूर्ण फेऱ्याच्या १/५० भागाने, म्हणजे ७.२ अंशांनी कललेला होता. दोन्ही गावांतले अंतर ५००० स्टेडिया (लांबीचे प्राचीन ग्रीक एकक) धरून त्याने पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया काढला. दहावीचेच सूत्र, उलटे चालवलेले.

भारतात ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली सरळ रेषा, मोजून याच कामाला सुरुवात केली. त्रिकोणांच्या साखळीने जमिनीवरचे अंतर काढायचे, ताऱ्यांच्या वेधांनी दोन टोकांचे अक्षांश काढायचे, आणि अंतराला अंशांच्या फरकाने भागून एका अंशाच्या कंसाची लांबी मिळवायची. उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचे निधन झाले. त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

अशा मोजण्यांतून कळते की एक अंशाचा कंस सगळीकडे सारखा नाही. दहाव्या अक्षांशाजवळ तो सुमारे ११०.६ किलोमीटर भरतो, तिसाव्याजवळ ११०.८५. ध्रुवांकडे पृथ्वी थोडी चपटी असल्याने रेखावृत्त वर्तुळ नसून जवळजवळ लंबवर्तुळ आहे, आणि लंबवर्तुळाच्या कंसाला कोन भागिले ३६० हा नियम लागू पडत नाही. त्याची लांबी साध्या सूत्रात बसत नाही, ती अनंत पदांच्या बेरजेने किंवा तशाच आसन्न रीतीने काढावी लागते.